पायाखालची उशी

उशी जिवंत आहे की मेली, हे बघायची धुलाईखान्यातली पद्धत अगदी सोपी. उशी मधोमध दुमडायची, वरून हाताचा दाब द्यायचा आणि हात काढून घ्यायचा. ती उसळून उघडली तर जिवंत. दुमडलेलीच पडून राहिली, तर मेली. मेलेली उशी पाहुण्याच्या डोक्याखाली जात नाही. ती फडक्यांच्या गठ्ठ्यात जाते, नाहीतर पहारेकऱ्याच्या कुत्र्याखाली.

मुकादमांची सगळी नोकरी अशा उशा दुमडण्यात गेली. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता. तिथे ते चादरींच्या घड्या घालायला लागले, मग इस्त्रीवर गेले, मग उशांवर आले आणि तिथेच रमले. पुढे मुकादम झाले आणि निवृत्त झाल्यावरही ते नाव अंगाला चिकटून राहिलं. वाण्याकडे, दवाखान्यात, जिन्यात, सगळीकडे ते मुकादमच. निरोपाच्या दिवशी मालकांनी त्यांना उशांची एक जोडी भेट दिली. चांगल्या प्रतीच्या, आत मऊ कृत्रिम तंतू भरलेल्या उशा.

"लोकांना घड्याळ मिळतं," बायको म्हणाली, "आमच्या ह्यांना उशा. म्हणजे आता गप झोपा."

बायको बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना कुठली गाडी कुठून सुटते ते सांगून सांगून तिचा जीव मेटाकुटीला यायचा, त्यामुळे घरी कुणी काही विचारलेलं तिला खपत नसे. "मीठ कुठंय गं?" असं मुकादमांनी विचारलं की स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "फलाट तीन. गाडी उशिरा आहे." मुकादम हसायचे आणि मीठ स्वतः शोधायचे. संसार असा चालला होता.

मग एका सकाळी चहा गाळता गाळता ती डावीकडे कलली आणि ओट्याला घासत खाली बसली. अर्धांगवायूचा झटका होता. जीभ शाबूत राहिली, डोकं शाबूत राहिलं. डावा हात आणि डावा पाय मात्र गेले. गेले म्हणजे होते तिथेच, पण हलेनात आणि त्यांना काही कळेना. डॉक्टरांनी सुई टोचली तरी तिला पत्ता नव्हता.

"ही डावी बाजू माझी नव्हेच," भेटायला येणाऱ्याला ती सांगायची. "पोटभाडेकरू आहे. कामाला हात लावत नाही आणि जागाही सोडत नाही."

भेटायला येणारे हसावं की रडावं अशा चेहऱ्याने बसायचे. मुकादम हसायचे.

दवाखान्यातून दर आठवड्याला एक सिस्टर घरी यायची. फार बोलणारी नव्हती, पण एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायची वेळ आणली तर तिला राग यायचा. तिने मुकादमांना पहिल्या भेटीतच समजावलं होतं की पडून राहिलेल्या माणसाचा वैरी म्हणजे अंथरूण. हाड जिथे कातडीच्या जवळ असतं, तिथे सतत दाब आला की रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरते. वर दिसतं तोवर उशीर झालेला असतो. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. पाठीमागे एक उशी, गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि डाव्या पोटरीखाली एक, अशी की टाच अधांतरी राहिली पाहिजे.

"टाचेखालून हात आरपार गेला पाहिजे," ती म्हणाली. "गेला तर ठीक. अडला तर उशी बदला."

एकुलती लेक दुसऱ्या गावी विमा कचेरीत होती. तिने तेव्हाच एका शुश्रूषागृहात आईचं नाव घालून ठेवलं होतं. बापलेकींचा त्यावरून बराच खटका उडाला आणि शेवटी एक तह झाला.

"आईच्या अंगावर जखम नाही तोवर ती घरी," लेक म्हणाली. "पण बाबा, एक जरी जखम झाली ना, तर मग मी तुमचं ऐकणार नाही. तुमचं वय काय, तुमची कंबर काय! आणि सिस्टरलाही मी सांगून ठेवलंय."

"जखम होतेच कशी, बघतो मी," मुकादम म्हणाले.

आणि त्यांनी होऊ दिली नाही. उन्हाळा गेला, थंडी गेली, पुन्हा उन्हाळा आला. तळहातावरच्या फोडासारखं जपणं म्हणतात, तसं त्यांनी तिला जपलं. रात्रीचा गजर ते उशाशी नाही, खिशात ठेवत, म्हणजे तिची झोप मोडायला नको. सिस्टर यायची, पाठ बघायची, माकडहाड बघायची, खुबे बघायची, टाच बघायची आणि वहीत एक शब्द लिहायची. तो शब्द 'अक्षत' असा होता, म्हणजे कुठेही जखम नाही. मुकादमांना तो पुस्तकी वाटायचा, पण ऐकायला आवडायचा.

घरातल्या उशा ते स्वतः धूत. शेजारच्या घरांमध्ये अभ्रे धुतले की उशी धुतली असं समजतात. मुकादमांना हे कधीच पटलं नाही. घाम अभ्र्यात थांबत नाही, आत जातो. म्हणून अभ्रे आणि आतली खोळ काढायची. कोमट पाण्याच्या टबात अगदी थोडा पातळ साबण टाकायचा, कारण उशीला साबण पाजणं सोपं आणि ओकवणं कठीण. उशी पाण्यात बुडवून दोन्ही हातांनी दाबायची, पिळायची कधीही नाही. पिळली की आतल्या भरावाचे गोळे होतात. पाणी नितळ येईपर्यंत बदलायचं. मग दोन टॉवेलांमध्ये ठेवून वर बसायचं. वास राहिला असेल तर खाण्याचा सोडा भुरभुरून ठेवायचा आणि नंतर झटकायचा. वाळत घालायची ती दोरीवर लोंबकळत नव्हे, आडवी, खाटेच्या जाळीवर, आणि मधूनमधून उलटून थोपटायची. वरून कोरडी लागली म्हणून फसायचं नाही. मध्यभागी गाल टेकवायचा. ओल हाताला चकवते, गालाला चकवत नाही.

हे सगळं गच्चीवर चालायचं. गच्चीला लागून राहणारी बाई, जिला सगळे 'वरची' म्हणत, कठड्याला टेकून ते बघायची.

"मुकादम, आमच्या उशांनी काय पाप केलंय हो? एक दिवस त्यांनाही अंघोळ घाला की."

"आणा. पण आत काय निघेल त्याला मी जबाबदार नाही."

"आमच्या ह्यांचं डोकं निघेल. पंचवीस वर्षं त्याच उशीत रुतलंय."

मुकादम उशा वाळवत असताना वरची खाली येऊन बायकोपाशी बसायची. दोघींचं छान जमायचं. वरचीला सगळ्या इमारतीच्या बातम्या असायच्या आणि बायकोला त्या ऐकण्यापुरता वेळ.

पायाखालच्या उशीची मात्र एक अडचण होती. ती भेट मिळालेल्या जोडीतली. पाय रात्रंदिवस एकाच जागी ठेवून ठेवून ती पार बसली होती. मधोमध एक खोल चाकोरी पडली होती, बैलगाडीच्या वाटेला पडते तशी. दुमडली तर दुमडलेलीच राहायची. म्हणजे धुलाईखान्याच्या हिशेबाने ती मेलेली होती. ज्या माणसाने मेलेली उशी कधी पाहुण्याला दिली नाही, तो स्वतःच्या बायकोच्या पायाखाली ती ठेवत होता. मुकादमांना हे खुपायचं. दर वेळी उशी हातात घेतली की बोटं आपोआप ती दुमडायला जायची आणि ते स्वतःला आवरायचे.

त्या आठवड्यात सिस्टरसोबत लेकही येणार होती. आदल्या रविवारी लघवीच्या पिशवीची नळी सांध्यातून निसटली आणि सगळं पाणी नेमकं त्या उशीवर गेलं. आता धुण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मुकादमांना मनातून बरंच वाटलं.

"पुसून घ्या नि ठेवा तीच," बायको म्हणाली. "जुनी आहे, पण बरी आहे."

"वास येईल. लेक यायचीय. नाक मुरडेल."

"तिचं नाक लग्नाआधीपासून मुरडलेलंच आहे."

"तू गप बस जरा."

वरचीला तिच्यापाशी बसवून मुकादम टब घेऊन गच्चीवर गेले. तेवढ्या वेळासाठी पोटरीखाली घोंगडीची गुंडाळी ठेवली. उशी धुतली, तीनदा पाणी बदललं, दाबून काढली. मग त्यांनी तिची शिवण उसवली. आतल्या भरावाचा एकच चपटा पट्टा झाला होता. पावसाने चिंब झालेली मेंढी असावी तसा. तो त्यांनी उन्हात पसरला आणि बोटांनी विंचरायला घेतला. तंतू न् तंतू मोकळा केला. कंबर भरून आली तरी उठले नाहीत. जोडीतली दुसरी उशी एका टोकाला फाटली होती, तिच्यातला चांगला भरावही काढून त्यांनी यात घातला. कोपरे आधी भरले, कारण कोपरे उभे राहिले की उशी उभी राहते, हे तळघरात शिकलेलं. मग शिवण घातली, इतकी बारीक की शोधून सापडू नये.

खाली येऊन त्यांनी ती बायकोसमोर धरली, मधोमध दुमडली, दाबली आणि सोडली. उशी टणकन उघडली.

"वा!" बायको म्हणाली. "छान आहे. कुणाची?"

"कुणाची म्हणजे? तुझीच. पायाखालची."

"ती नव्हे ही. ती माझ्या पायाला ओळखायची."

"तुझ्या पायाला काही कळतं का, म्हणे ओळखायची!"

"पायाला नाही कळत. उशीला कळायचं."

मुकादम हसले. त्यांनी पोटरी उचलली, उशी सरकवली, पाय ठेवला आणि टाचेखालून हात घातला. हात आरपार गेला. पूर्वी जेमतेम जायचा, आता मूठही गेली असती. त्यांना इतकं समाधान वाटलं की त्यांनी दोनदा हात घालून पाहिला.

त्यानंतर कूस बदलायला ते आले की पाय थोडा डावीकडे, भिंतीकडे झुकलेला दिसायचा. ते तो सरळ करायचे. पुन्हा आले की पुन्हा झुकलेला.

"हा तुझा भाडेकरू भिंतीशी काय बोलतो गं सारखा?"

"माझ्या चहाड्या सांगत असेल."

खोली अरुंद होती. पलंग डाव्या अंगाने भिंतीला भिडवलेला होता, नाहीतर दार पूर्ण उघडत नसे. मुकादम टाच रोज बघायचे, पाय उचलून, तळव्याच्या बाजूने, सिस्टरने दाखवली होती तशीच. टाच गुलाबी आणि साफ होती.

सिस्टर आली त्या दिवशी लेक अजून पोचायची होती. सिस्टरने खोलीत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "किती स्वच्छ वास येतोय." मुकादमांनी खुर्ची पुसलेली असूनही पुन्हा पुसली. पाठ बघून झाली. माकडहाड, खुबे बघून झाले. टाच बघून झाली. सिस्टरने वही उघडली, मग बंद केली आणि म्हणाली, "पलंग जरा पुढे ओढू या का? ही बाजू नीट दिसत नाही मला."

दोघांनी पलंग ओढला. डाव्या पायाच्या बाहेरच्या घोट्यावर एक डाग होता. शर्टाच्या बटणाएवढा, जांभळा, मध्ये काळपट.

मुकादमांनी पाहिलं आणि त्यांना हायसं वाटलं. भिंतीचा रंग लागला असेल, नाहीतर औषधाचा. त्यांनी खिशातला रुमाल काढला, त्याचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि वाकून घोटा पुसायला लागले. निघेना. आयुष्यभर ज्या माणसाने डाग काढले त्याने अंगठ्याचा थोडा जोर दिला.

सिस्टरने त्यांचं मनगट धरलं.

"मुकादम, नका. डाग नाही तो."

बायकोला तो पाय दिसत नव्हता. तिला दिसत होता फक्त मुकादमांचा चेहरा.

"काय झालं?" ती म्हणाली. "अहो, काय झालं? मला सांगा तरी. पाय माझा आहे."

सिस्टरने तिला सांगितलं. नंतर तिने उशी उचलली, दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि पुन्हा पोटरीखाली ठेवली. पाय तिने स्वतः सरळ ठेवला आणि हात मागे घेतला. "बघा," ती म्हणाली. दोघेही बघत राहिले. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाय डावीकडे कलू लागला. डोळ्यांना दिसेल न दिसेल इतका हळू, घड्याळाचा मोठा काटा सरकतो तसा. कुणी ढकलत नव्हतं, उशीच ढकलत होती. ती इतकी भरीव आणि उसळती होती की गोल पोटरी तिच्या माथ्यावर ठरतच नव्हती. शेवटी पाय पूर्ण वळला आणि घोट्याचं हाड गादीवर टेकलं. टाच अजून अधांतरी होती. टाचेखालून हात आरपार गेला असता.

"जुनी उशी चांगली होती," सिस्टर म्हणाली. "पाय छान रुतून बसायचा तिच्यात. ती कुठंय?"

"हीच ती."

"ही? मग हिला काय केलंत?"

"जिवंत केली," मुकादम म्हणाले.

मग बायको बोलायला लागली आणि थांबेना. तिनेच हट्ट धरला उशी धुवायचा, वास येत होता म्हणून. ते नको म्हणत होते. तिनेच वरचीला पाठवून भराव आणवला. पायही तिनेच हलवला असेल, झोपेत. कुणी सांगावं, झोपेत भाडेकरू हलतही असेल.

"बाई," सिस्टर हळूच म्हणाली, "मला लिहावं तर लागेल."

"लिहा की. पण नीट लिहा. माझ्या चुकीने, असं लिहा."

लेक संध्याकाळी आली. आईपाशी बसली, घोटा बघितला, हात धुवायला म्हणून गेली आणि बराच वेळ नळ सुरू राहिला. बाहेर आली तेव्हा मुकादम स्वयंपाकघरात उभे होते. काही करत नव्हते, नुसते ओट्याला टेकून होते.

"बाबा, मी तुम्हाला दोष देत नाही."

"दे की."

"नाही देत. तुमच्याइतकं कुणी केलं नसतं."

"दिला असतास तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "मग मला भांडता तरी आलं असतं."

शुश्रूषागृहात जागा झाल्याचा फोन चार दिवसांनी आला. गाडी आली, दोन माणसं आली, त्यांनी सराईतपणे बायकोला स्ट्रेचरवर घेतलं. मुकादमांनी तीन उशा एका चादरीत बांधून तयार ठेवल्या होत्या. पायाखालच्या उशीतून त्यांनी अर्धा भराव काढून टाकला होता. गाडीतल्या माणसाने गाठोडं बघितलं आणि मान हलवली.

"बाहेरच्या उशा चालत नाहीत, काका. तिथे सगळं आहे."

तिथे सगळं होतं. उशांना निळं रेक्झिनचं आवरण होतं, वर पातळ अभ्रा. फडकं फिरवलं की स्वच्छ. मुकादमांनी पहिल्याच भेटीत एक दुमडून पाहिली. तिने एक पुसटसा सुस्कारा टाकला आणि आपल्या वेळेने सपाट झाली. जिवंत का मेली, त्यांना सांगता आलं नसतं.

घोट्याचा तो डाग आधी फुटला. सिस्टरने सांगितलं होतं तसंच, आतलं नुकसान वर यायला वेळ लागतो. खाली खड्डा निघाला. काही दिवस ताप होता. मुकादम रोज दोन बस बदलून जात, भेटीची वेळ सुरू व्हायच्या आधी फाटकाशी उभे राहत. बायकोला पट्टी बदलताना दुखत नसे. ती छताकडे बघत परिचारिकांना बसस्थानकावरच्या गमती सांगायची. मुकादम तेव्हा खिडकीबाहेर बघत.

घरी आल्यावर त्यांनी एक उद्योग सुरू केला. ती उशी त्यांनी मारायला घेतली.

जन्मभर उलटं केलेलं, त्यामुळे सुरुवात कशी करावी हेच कळेना. उशीला टवटवीत ठेवायचे शंभर उपाय त्यांना ठाऊक होते. ते सगळे त्यांनी उफराटे केले. थोपटायची नाही, उन्हात घालायची नाही, उलटायची नाही. जेवताना तिच्यावर बसायचं. दिवसा तिच्यावर पाण्याचा भरलेला कॅन ठेवायचा. एकदा वरची दूध द्यायला आली आणि दारातच थबकली.

"मुकादम! उशीचा काय गुन्हा?"

"बसवतोय तिला. फार उसळते."

दुधाचं पातेलं ओट्यावर ठेवून वरची निघून गेली.

उशी चपटी झाली, पण चाकोरी काही पडेना. कॅनच्या वजनाने पडते ती थाळी, पायाने पडते ती चाकोरी. शेवटी मुकादम रात्री स्वतःची डावी पोटरी तिच्यावर ठेवून झोपायला लागले. कूस बदलायची नाही. सकाळी पाय आखडलेला असायचा आणि जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. ते लेकीला फोनवर म्हणाले, वातामुळे होतंय. हळूहळू मध्ये एक चाकोरी पडली. पायाचं वजन तिच्यात जाऊन ठरायला लागलं. एके दिवशी त्यांनी उशी दुमडून दाबली आणि हात काढला. दुमडलेलीच राहिली. मुकादम तिच्याकडे बघत बसले.

त्याच सुमारास घोटा भरून आला. शुश्रूषागृहाच्या डॉक्टरांनी नवी कातडी बोटाने दाबून पाहिली आणि छान म्हणाले. मुकादमांनी बाहेर गाठून विचारलं, घरी न्यायला हरकत काय? डॉक्टर म्हणाले, वैद्यकीयदृष्ट्या काहीच नाही. घरच्यांचा निर्णय. मुकादम आत आले. पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"घोटा भरलाय तुझा."

"ऐकलं मी. डॉक्टरचा आवाज कर्ण्यासारखा आहे."

"उशी तयार आहे. अगदी पहिल्यासारखी. पाय इकडचा तिकडे होणार नाही. पलंगही भिंतीपासून हलवतो, दार नाही पूर्ण उघडलं तर नाही उघडलं. लेकीशी मी बोलतो."

"आधी माझ्याशी बोला."

"बोलतोच आहे की."

"मी नाही येत."

मुकादमांना वाटलं ती थट्टा करतेय. ते पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. पुढचं वाक्य आलं नाही.

"इथं काय आहे तुला?"

"काही नाही. चहा पाणचट आहे. पलीकडची बाई रात्रभर कुणाला तरी हाका मारते. उशा तर बघितल्याच तुम्ही."

"मग?"

"मला तो पाय दुखला नाही हो. एकदाही नाही. खड्डा पडला तेव्हा नाही, खरवडला तेव्हा नाही. पण तुम्ही ओला रुमाल घेऊन वाकलात ना पुसायला, ते मी बघितलं. तुमचं तोंड बघितलं. मला पुन्हा नाही बघायचं."

"पुन्हा होणार नाही तसं."

"होईल. पडून राहिलेल्याला होतंच. इथल्यांनाही होतं, पलीकडच्या बाईला झालंय. आज नाही तर वर्षाने. घरी झालं की ते तुमचं होणार. इथं झालं की ते कुणाचंच नाही."

"माझं झालं तर होऊ दे माझं."

"नको."

"अगं, मी रात्री पाय ठेवून..." मुकादमांनी वाक्य अर्धवट सोडलं. ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी रागाने खुर्चीचा हात धरला. "मग मी घरी करू काय? दोन खोल्यांत एकटा? सांग ना. करू काय?"

बायकोने उजवा हात पुढे केला आणि त्यांच्या बाहीवर ठेवला.

तेवढ्यात दोन परिचारिका आत आल्या. एकीच्या हातात धुतलेली चादर होती.

"बाजू बदलायची वेळ झाली. काका, जरा बाहेर थांबा."

"डाव्या पायाला बाहेरच्या अंगाने—"

"माहीत आहे आम्हाला, काका. नातेवाईकांनी बाहेर थांबायचं असतं."

मुकादम बाहेर गेले. दार लागलं. आतून चादर झटकल्याचा आवाज आला, मग चाकं करकरली, मग कुणीतरी "एक, दोन, तीन" म्हणालं. ते आवाज त्यांनी ओळखले. कुठल्या आवाजाला खांदा वळतो आणि कुठल्या आवाजाला कंबर, हे त्यांना न बघता सांगता आलं असतं. त्यांचे हात शरीरापासून थोडे पुढे आले होते आणि तळवे वर होते. समोरून जाणाऱ्या सफाईवाल्याने त्यांना काही हवंय का विचारलं, तेव्हा त्यांनी हात खाली घेतले.

दार उघडलं. परिचारिका गेल्या. बायकोला आता पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून झोपवलं होतं, पाठीमागे निळी उशी खोचली होती. तिला वळून बघता येत नव्हतं.

"आलात का?" ती म्हणाली.

"आलो."

त्यांनी खुर्ची उचलली आणि पलंगाला वळसा घालून तिच्या समोरच्या बाजूला नेली. तिथे पलंग आणि भिंतीत खुर्ची मावेल एवढी जागा नव्हती. त्यांनी खुर्ची परत ठेवली आणि स्वतः त्या फटीत शिरून, भिंतीला पाठ लावून, तिच्यासमोर उभे राहिले. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईपर्यंत ते तसेच उभे होते.